खेळाला चाल कोण लावतो?



दिवसभर राबून माणूस घरी येतो. हातपाय धुऊन चहाचा कप हातात घेतो, तर कोपऱ्यात पोरगा मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला. मोबाइलमधून तेच ते संगीत पुन्हा पुन्हा वाजत असते. "अरे, तो आवाज बंद कर आधी!" असे आपण ओरडतो. तो आवाज कोणीतरी तयार केला आहे, त्यासाठी कोणीतरी रात्री जागवल्या आहेत, हे आपल्या मनातही येत नाही. हाच पोरगा उद्या म्हणाला, "बाबा, आम्ही मित्र मिळून एक गेम तयार करतोय आणि त्याचं संगीत मी देणार आहे," तर आपण काय म्हणू? बहुधा एकच वाक्य: "त्यानं पोट भरणार आहे का?"

प्रश्न रास्त आहे. ज्याने पोटाला चिमटा घेऊन पोराची फी भरली, त्याला तो विचारण्याचा अधिकार आहे. पण उत्तर ठरवण्याआधी हे काम आहे तरी काय, ते समजून घेऊ.

व्हिडिओ गेममध्ये एक प्रकार असा असतो की खेळणारा एका काल्पनिक राज्यातले पात्र होतो. गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, गुहेत शिरतो, राक्षसांना तोंड देतो. जपानमध्ये १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९८७ साली 'फायनल फॅन्टसी' हे खेळ आले आणि हा प्रकार घराघरांत पोचला. पुढे १९९२ पासून तिथे 'आरपीजी मेकर' या नावाची साधने निघाली. मोठी कंपनी नाही, हाताशी नोकरवर्ग नाही, अशा हौशी पोरांनाही घरच्या कॉम्प्युटरवर असा खेळ रचता येऊ लागला. कोणी गोष्ट लिहितो, कोणी चित्रे काढतो आणि एकजण संगीत देतो.

संगीत द्यायला मोठे शिक्षण लागते, असा आपला समज असतो. 'फायनल फॅन्टसी'चे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांचे उदाहरण पाहा. १९५९ साली जपानमधील कोची येथे त्यांचा जन्म झाला. पियानो ते स्वतःच शिकले. संगीताच्या कॅसेट-रेकॉर्डी भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करत असताना त्यांचा स्क्वेअर या कंपनीशी संबंध आला. त्या काळच्या फॅमिकॉम यंत्रातून एका वेळी सुरांचे तीनच आवाज निघत. शिवाय ठेक्यासाठी एक खरखरीचा आवाज आणि छोटे मुद्रित तुकडे वाजवण्याची एक सोय. एवढ्यावर सगळे राज्य उभे करायचे! एका आवाजावर मुख्य चाल, दुसऱ्यावर तिची साथ, तिसऱ्यावर खर्ज. पेटी, ढोलकी आणि झांज एवढ्यावर रात्र जागवणाऱ्या आपल्या गायन पार्टीवाल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. साधने कमी असली की चाल भक्कम लागते.

आता दुसरे उदाहरण, खऱ्याखुऱ्या हौशी पोराचे. टोबी फॉक्स हा अमेरिकन मुलगा १९९१ साली जन्मला. २००८ साली, म्हणजे १७ वर्षांचा असताना, त्याने 'अर्थबाउंड' या जुन्या जपानी खेळात फेरफार करून स्वतःचा एक भयखेळ हौसेने तयार केला आणि त्यात 'मेगालोव्हेनिया' नावाची स्वतःची चाल घातली. पैसा काही मिळायचा नव्हता. पुढे तो 'होमस्टक' या इंटरनेटवरील चित्रकथेच्या संगीतकारांत सामील झाला. २०१३ साली त्याने स्वतःच्या 'अंडरटेल' या खेळासाठी लोकांकडे जाहीर वर्गणी मागितली. मागितले होते ५,००० डॉलर. २,३९८ लोकांनी मिळून दिले ५१,१२४ डॉलर. सप्टेंबर २०१५ मध्ये खेळ बाहेर पडला. चित्रांच्या कामात त्याला एका मैत्रिणीची मोठी मदत झाली. कथा, रचना आणि संगीत मात्र त्याचेच. संगीताचे तुकडे किती, तर १०१! त्यातली 'मेगालोव्हेनिया' ही चाल जानेवारी २०२२ मध्ये सर्कशीच्या कलावंतांनी थेट व्हॅटिकनमध्ये, तत्कालीन पोप फ्रान्सिस यांच्यासमोरील कार्यक्रमात वाजवली. सतराव्या वर्षी फुकट केलेले काम कुठल्या कुठे गेले ते पाहा.

'अंडरटेल'ची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या खेळात समोर आलेल्या राक्षसाला मारलेच पाहिजे, असे नाही. त्याच्याशी बोलता येते, त्याला समजून घेता येते, सोडून देता येते. एकाचाही जीव न घेता खेळ पुरा होतो. उलट, एखादा शोधून शोधून सगळ्यांना मारत सुटला, की पुढे समोर यायला कोणी उरतच नाही. त्या वेळी जे संगीत वाजते, ती सुरुवातीला ऐकलेली एक गोड, बागडती चालच असते. फक्त ती अतिशय संथ केलेली असते. इतकी संथ, की ओळखू येत नाही आणि अंगावर काटा येतो. एक शब्द न बोलता संगीतकार खेळणाऱ्याला विचारतो, 'बाबा रे, हे काय केलेस?' याचसारखी खेळाच्या आरंभीची एक साधी चाल पुढे वेगवेगळ्या रूपांत परत येते आणि शेवटच्या मोठ्या प्रसंगात ती ऐकली की खेळणाऱ्याचे डोळे भरून येतात. म्हणजे १०१ तुकड्यांसाठी १०१ नव्या चाली लागल्या नाहीत. मोजक्या चाली, पण त्या कुठे, कशा आणि कोणत्या लयीत परत आणायच्या, यात सगळी मेख आहे.

आता थोडा हिशेब. आमच्यासारख्या कारकुनाला आकड्यांशिवाय गोष्ट पटत नाही. सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती मिनिटांचा ते ठाऊक असते. खेळात ते ठाऊक नसते. खेळणारा गावात दोन मिनिटे थांबेल किंवा वीस मिनिटे. म्हणून चाल संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. समजा, मिनिटाला १२० ठोके, चार ठोक्यांचे एक आवर्तन, म्हणजे एक आवर्तन २ सेकंदांचे. सोळा आवर्तनांची चाल ३२ सेकंदांत संपते. वीस मिनिटांत ती सदतीस वेळा वाजेल! माणूस कंटाळून आवाज बंद करणारच. तीच चाल चौसष्ट आवर्तनांची केली, मध्ये वाद्य बदलले, एखाद्या जागी चाल सोडून नुसती साथ ठेवली, तर ती नऊ वेळाच वाजेल आणि खुपणार नाही. गावातले संगीत मागे राहणारे हवे, लढाईचे पहिल्या क्षणी कान पकडणारे हवे.

जोडही बेमालूम हवा. एमपी३ फाइलच्या आरंभी आणि शेवटी बारीकशी शांतता राहून जाते, त्यामुळे दर फेरीला ठेच लागते. म्हणून आरपीजी मेकरसारख्या साधनांत ऑग फाइल वापरतात आणि परतीची जागा आकड्यात लिहून ठेवतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने आठ सेकंदांची सुरावट एकदाच वाजवायची असेल, तर परतीची जागा ३,५२,८००. गणितात 'माझं डोकं चालत नाही' म्हणणारा पोरगा हे गणित बिनचूक करतो, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

खर्चाचे म्हणाल, तर घरात जुना कॉम्प्युटर असला तर भागते. एलएमएमएस आणि म्यूजस्कोर ही संगीत रचण्याची साधने फुकट मिळतात. एक बरा हेडफोन असला की शेजाऱ्यांची झोपमोडही नाही. खरी किंमत मोजावी लागते ती वेळेची.

आणि एक मोह टाळावा लागतो, तो म्हणजे दुसऱ्याची चाल उचलण्याचा. सिनेमाच्या चालीवर नवे शब्द बसवून गाणी गाजवलेली आपण ऐकली आहेत. त्या शब्दांचे मोल कमी नाही. पण खेळात शब्दच नसतात, तिथे चाल हेच सर्वस्व. उसनी चाल घातली, तर खेळ विकायला काढताच मालक दाराशी उभा राहतो. टोबी फॉक्सचाच दाखला घ्या. २००८ चा तो खेळ दुसऱ्याच्या खेळावर उभा होता. तो त्याला पुढे नेता आला नाही. त्यातली स्वतःची चाल मात्र त्याच्याबरोबर चालत राहिली. उसने तिथेच राहिले, स्वतःचे पुढे आले.

म्हणून पोरांनो, कागद करून घ्या. मित्रामित्रांत कसला कागद, असे म्हणू नका. हौशी खेळ पुष्कळदा अर्ध्यावरच राहतात, मित्र पांगतात आणि मग चालींचे मालक कोण, यावरून भांडणे होतात. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार चाल रचणारा हाच तिचा पहिला मालक. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोकरीत राहून नोकरीचे काम म्हणून चाल रचली, तर मात्र वेगळा करार नसल्यास मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. हक्क दुसऱ्याला द्यायचे, तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. किती वर्षांसाठी ते लिहिले नाही, तर पाच वर्षे धरली जातात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिले नाही, तर भारतापुरतेच धरले जातात. एका पानावर चार ओळी लिहा: या चाली माझ्या, या खेळात वापरायला परवानगी आहे, खेळ विकला गेला तर माझा वाटा इतका, खेळात माझे नाव द्यायचे. दोघांच्या सह्या करा, तारीख घाला, एकेक प्रत जपून ठेवा. फुकट काम करावे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. पण फुकट दिले आणि लुबाडले गेले, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ज्यांच्या आजा-पणज्यांची मेहनत विनामोबदला घेतली गेली, त्यांच्या घरात तरी हा फरक सांगावा लागू नये.

आता पालकांना दोन शब्द. प्रत्येक पोरगा टोबी फॉक्स होणार नाही. शाळा-कॉलेज सुटता कामा नये, पदवी आणि नोकरीचा आधार हवाच. पण खेळत बसणे आणि खेळ घडवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरे काम करणारा पोरगा किंवा पोरगी मोजते, ऐकते, खोडते, पुन्हा रचते आणि चारजणांबरोबर काम करायला शिकते. ही शिकवण वाया जात नाही.

तेव्हा आज संध्याकाळी 'आवाज बंद कर' म्हणण्याआधी एकदा विचारून पाहा, "हे तू केलंस का? ऐकव बरं." कदाचित पोरगा म्हणेल, "नाही बाबा, हे दुसऱ्याचं आहे." मग म्हणा, "मग तुझं कधी ऐकवतोस?"