नोकरी आणि अडत

दिवाळी सरली की जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील पाड्यांवर भाताची झोडणी आटोपते आणि धान्य विकण्याची घाई सुरू होते. ही घाई हौसेची नसते. पावसाळ्यातील उधारी फेडायची असते आणि भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जाण्याचा दिवस जवळ आलेला असतो. अशा वेळी खरेदी केंद्रावर ज्याच्या हाती काटा असतो, त्याच्या हाती एका कुटुंबाची वर्षाची मिळकत असते. काटा धरणारा हा माणूस सरकारी योजनेचा सेवक आहे, की त्याच धान्यात ज्याचा घरचा व्यापार गुंतला आहे असा अडत्या आहे, हा प्रश्न त्यामुळे केवळ कार्यालयीन शिस्तीचा राहत नाही.

या भागाचा इतिहास पाहिला तर या प्रश्नाचे गांभीर्य पटते. तत्कालीन मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीवर डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३९ साली जो अहवाल दिला, त्यात ठाणे जिल्ह्यातील आदिवासींची जमीनदार आणि सावकार यांच्याकडून होणारी पिळवणूक नमूद आहे. उभ्या पिकावर आगाऊ पैसे किंवा धान्य देऊन सुगीत तेच पीक स्वस्तात उचलण्याची पालेमोडीची रीत स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिली. ती मोडण्यासाठी महाराष्ट्र राज्याने १९७२ साली सहकारी आदिवासी विकास महामंडळ स्थापन केले, १९७६ साली आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा कायदा केला आणि त्यातून एकाधिकार खरेदीची योजना उभी राहिली. पावसाळ्यातील उपासमारीत सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून खावटी कर्जही आले. व्यापारी आणि आदिवासी यांच्यामध्ये शासनाने स्वतः उभे राहावे, हा या सर्व खटाटोपाचा गाभा होता. शासन उभे राहिले खरे. परंतु शासन म्हणजे शेवटी माणसेच, आणि त्या माणसांची घरे, भाऊबंद व सोयरे याच गावांत असतात.

आधारभूत किमतीने होणाऱ्या भातखरेदीची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आदिवासी क्षेत्रात महामंडळ ही मुख्य खरेदीदार संस्था असते; तिच्या वतीने प्रत्यक्ष माल घेण्याचे काम गावोगावच्या आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था करतात आणि खरेदी केलेल्या मालावर त्यांना कमिशन मिळते. संस्थेचे उत्पन्न बहुतांशी या कमिशनचे आणि सचिवाचे वेतन त्या उत्पन्नातून निघणारे. म्हणजे कागदावर माल जितका अधिक, तितकी संस्थेची प्राप्ती अधिक. अशा व्यवस्थेत माल पारखणारा, मोजणारा, पावती फाडणारा आणि माल आणून देणारा हे चौघे एकमेकांपासून वेगळे असणे अगत्याचे असते. ते एकाच घरातले निघाले, की कुंपणानेच शेत खाण्यास सुरुवात झाली म्हणून समजावे.

हे कसे घडू शकते, ते समजण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. भातातील ओलावा १७ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे. नियम योग्यच आहे. ओले धान्य गोदामात कुजते. पण ओलावा मोजणाऱ्या कर्मचाऱ्याचा भाऊ धान्याचा व्यापारी असेल तर काय होईल? दूरच्या पाड्यावरून भाड्याच्या गाडीने आणलेला माल नाकारला गेला, की शेतकरी तो परत नेऊ शकत नाही. तो केंद्राबाहेरच मिळेल त्या भावाने विकतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सर्वसाधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली. समजा, नाकारलेला माल बाहेर १,८०० रुपयांना गेला आणि दोन दिवसांनी तोच माल दुसऱ्या कोणाच्या सातबाऱ्यावर त्याच केंद्रात पूर्ण भावाने जमा झाला, तर क्विंटलमागे ५६९ रुपये मधल्या मधे राहिले. दहा क्विंटलांचे ५,६९० रुपये होतात. पाड्यावरच्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. आणि या साऱ्या व्यवहारात एकही कागद खोटा दिसणार नाही: ओलाव्याची नोंद आहे, सातबारा आहे, पावती आहे, बँकेत पैसेही जमा आहेत.

म्हणूनच अशा बाबतीत ‘कोणी पैसे खाल्ले काय?’ एवढाच प्रश्न विचारून थांबणे अपुरे ठरते. लाच सिद्ध करता येते; हितसंबंध बहुधा सिद्ध करावा लागत नाही, तो समोर असतो. तो असूनही एखादा कर्मचारी संपूर्ण सचोटीने वागत असेल. परंतु त्याच्या सचोटीची खात्री पाड्यावरच्या शेतकऱ्याने कशावरून करावी? सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली क्रैपाक खटल्यात या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. भारतीय वनसेवेसाठी उमेदवार निवडणाऱ्या मंडळावर जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक होते आणि ते स्वतःही उमेदवार होते. त्यांच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते बैठकीत नव्हते. पण प्रतिस्पर्ध्यांच्या नावांचा विचार झाला तेव्हा होते. न्यायालयाने ती निवड रद्द ठरविली. पक्षपात प्रत्यक्ष झाला की नाही, यापेक्षा तो होण्याची रास्त शक्यता होती की नाही, ही कसोटी या निकालाने दृढ केली.

मोठ्या संस्थांनाही हा धडा पचनी पडलेला नाही. क्रिकेट नियामक मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी सामन्यांत व्यापारी हितसंबंध ठेवू नयेत, असा मंडळाचाच नियम होता. २००८ साली त्यात दुरुस्ती करून आयपीएल त्यातून वगळण्यात आले आणि स्पर्धा चालविणाऱ्यांना संघांची मालकी मोकळी झाली. २२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. कोट्यवधींच्या उलाढालीत जे गैर ठरले, ते भाताच्या पोत्याच्या बाबतीत क्षम्य ठरत नाही. उलट क्रिकेटच्या प्रेक्षकाचे त्यात फारसे अडत नाही. आदिवासी शेतकऱ्याचे मात्र सर्वस्व अडते.

नियम नाहीत, अशी सबब सांगता येणार नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम १६ खाजगी व्यापाराविषयी आहे. पत्नीच्या किंवा कुटुंबातील अन्य कोणाच्या नावावर असलेल्या विमा एजन्सीचा अथवा कमिशन एजन्सीचा प्रचार करणे हादेखील नियमभंग मानला जातो. जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठी १९६७ पासून वेगळे वर्तणूक नियम आहेत. तरीही एजन्सी घरातल्या कोणाच्या तरी नावावर आणि धंदा मात्र साहेबांच्या खुर्चीवरून, हे चित्र कोणत्याही तालुक्याच्या गावी अपरिचित नाही. दुसरे असे की, हे नियम शासकीय आणि जिल्हा परिषदेच्या सेवकांपुरते आहेत. कमिशनवर चालणाऱ्या सहकारी संस्थेचा सचिव, हंगामापुरता नेमलेला मापारी, कंत्राटी संगणकचालक यांना ते थेट बांधत नाहीत. आणि काटा तर बहुधा त्यांच्याच हाती असतो.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांत शिकलेली घरे मोजकी. त्याच घरांतून शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक, सोसायटीचा सचिव, बँकमित्र आणि विमा प्रतिनिधी निघतात. नाते असलेल्या प्रत्येकाला दूर ठेवावयाचे ठरविले, तर केंद्रावर माणूसच उरणार नाही, किंवा बाहेरचा माणूस येईल आणि त्याला ना भाषा कळेल ना माणसे. सरसकट बंदीचा मार्ग म्हणूनच व्यवहार्य नाही. बंदी घातली की संबंध संपत नाहीत, ते लपतात. ताकाला जाऊन भांडे लपविण्याची सवय व्यवस्थेनेच लावू नये.

मार्ग आहे तो उघडपणाचा आणि वाटणीचा. प्रत्येक हंगामापूर्वी खरेदीशी संबंध असलेल्या प्रत्येकाने, मग तो महामंडळाचा असो, संस्थेचा असो वा कंत्राटी असो, घरात धान्याचा व्यापार, गिरणी, वाहतूक किंवा अडत कोणाची आहे हे लिहून द्यावे. ते निवेदन कपाटात न ठेवता ग्रामसभेत वाचून दाखवावे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी जे स्थान दिले आहे, त्याचा याहून सार्थ उपयोग कोणता? ज्याचा संबंध निघेल, त्याला त्या हंगामापुरते दुसऱ्या केंद्रावर पाठवावे. पारखणारा आणि मोजणारा वेगळा असावा. ओलाव्याचा आकडा पावतीवर यावा. माल नाकारला तर कारणासह लेखी नोंद मिळावी आणि शेतकऱ्याला फेरमोजणीचा हक्क असावा. यांपैकी एकाही उपायाला मोठा खर्च नाही. निवेदन देणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, हा समज मात्र आधी जावयास हवा. संबंध असणे हा दोष नाही. तो दडविणे हा आहे.

शासनाला याची निकड वाटावी, इतके पूर्वानुभव हाताशी आहेत. आदिवासी विकासाच्या २००४ ते २००९ या काळातील योजनांच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांची समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालात वस्तूंच्या खरेदी-वाटपातील गैरप्रकार पुढे आले. अहवाल आला तो २०१७ साली. आठ-दहा वर्षांनी होणारी चौकशी दोषींना कदाचित शासन करील. ज्याचा माल केंद्राच्या दारातून परत गेला, त्याला ती काही देऊ शकत नाही.

हा प्रश्न भाताच्या काट्यापुरताही राहिलेला नाही. आता अडत मोबाइलमध्ये आली आहे. कंपन्या आपल्या मालाचा दुवा पसरविणाऱ्याला प्रत्येक खरेदीमागे कमिशन देतात. अशा जाळ्याच्या कार्यालयात काम करणाऱ्याला कोणती सवलत उद्या येणार, कोणाची मागणी मंजूर होणार, कोणाचा दुवा किती चालतो, हे सारे आधी कळते. तोच दुसऱ्याच्या नावाने दुवे पसरवू लागला, तर बाहेरच्या प्रतिनिधीने त्याच्याशी स्पर्धा कशी करावी? आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एखाद्या शिकवणीच्या अॅपची शिफारस करून कमिशन घेणारा शिक्षक तरी वेगळे काय करतो? पालक शिक्षकावर विश्वास ठेवतात, विक्रेत्यावर नव्हे. समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध स्पष्ट सांगावा, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनांद्वारे बजावले आहे. ज्याला पगार आणि पद लाभले आहे, त्याच्यावर ही जबाबदारी अधिकच येते.

आदिवासी आणि व्यापारी यांच्यामध्ये उभे राहण्याचे वचन शासनाने पन्नास वर्षांपूर्वी दिले. ते उभे राहणाऱ्याने स्वतःच पाठीमागे दुकान थाटले, तर सावकाराची जागा केवळ सरकारी शिक्क्याने घेतली असेच म्हणावे लागेल. पुढील हंगामाचे काटे लागण्यापूर्वी एवढी एक निवेदनांची वही जव्हार आणि मोखाड्याच्या केंद्रांवर उघडली जावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.