टेकडीवर जीवाश्म का सापडत नाही?

"सर, वेताळ टेकडीवर जीवाश्म सापडेल का?" असं मुलाने विचारलं, तर नुसतं 'नाही' म्हणून विषय संपवू नका. पुण्याचा काळा बेसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा; त्या तापात जीवांचे अवशेष कसे टिकणार? पण दोन लाव्हा थरांमधल्या गाळात ते सापडतात. नागपूरजवळ टाकळीला गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख मिळाले आहेत. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. खडकाचं वय ओळखायची पहिली पायरी हीच.

शिक्षकांनो, व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा समोच्च रेषांचा नकाशा घेऊन मुलांना टेकडी चढवा. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा. दम लागला की नकाशा आपोआप कळतो! पालकांनो, एक रविवार द्याच.