कांद्याच्या गावातील बिनकांद्याचे ताट

लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. दिवसभर कांद्याच्या लिलावात उभे राहायचे आणि सायंकाळी घरी बिनकांद्याच्या आमटीवर बसायचे, हे आपल्या व्यापारी कुटुंबांच्या अंगवळणी पडले आहे. पंचाईत होते ती बाहेर जेवायला जाताना.

गेल्या चातुर्मासात नातवंडांच्या हट्टाखातर महामार्गावरील एका हॉटेलात गेलो. पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिले होते. पण कांदाही शाकाहारीच! वेटर म्हणाला, “जैन मिळेल, शेठ.” बँकेत ३६ वर्षे व्हाउचर तपासल्याची खोड, मी थेट भटारखान्यापर्यंत गेलो. आचारी प्रामाणिक निघाला. कांदा-लसणाची ग्रेव्ही सकाळीच एकदा शिजते, ‘जैन’ म्हटले की तीच गाळून, वर टोमॅटो घालून देतो, असे त्याने निःसंकोच सांगितले. वेगळ्या कढईत टोमॅटो, काजू आणि मगज वाटून भाजी करण्यास तो तयार झाला. मात्र अर्धा तास लागेल म्हणाला. तोवर सूर्यास्त झाला. आम्ही बाकीचे जेवलो. सौभाग्यवतींचा चौविहार, त्या नातवाला घास भरवीत बसून राहिल्या.

बिलावर पाच टक्के जीएसटी होता. तो दर नोव्हेंबर २०१७ पासूनचा, त्याविषयी तक्रार नाही.

हल्ली निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून दोनच प्रश्न विचारतो : ग्रेव्ही वेगळी करता का, आणि साडेपाचला ताट मिळेल का? पहिल्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. दुसऱ्याला बहुधा उत्तर येते, “शेठ, किचन सातला सुरू होते.”