आळशी कोण?

छत्रपती संभाजीनगरच्या सुशिक्षित बैठकांतून कोकणी माणूस आळशी, भांडखोर आणि विकासद्वेष्टा ठरविला जातो. मराठवाड्याच्या माणसाविषयी पुण्या-मुंबईत हीच भाषा वापरली जाते, याचा निवाडा देणाऱ्यांना विसर पडतो. स्वभावाला दोष दिला की व्यवस्थेला जाब विचारावा लागत नाही!

वस्तुस्थिती काय सांगते? खोतीने नाडलेले कूळ मुंबईच्या गिरणीत गेले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, परंतु गावात रोजगार आला नाही. राजापूर, मालवणच्या बाजारपेठा मनिऑर्डरवर जगल्या. १९८२ च्या संपानंतर तो आधारही तुटला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तरी २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मागे राहून भातलावणी करणाऱ्या, घर राखणाऱ्या या स्त्रियांना आळशी म्हणण्याचे धाडस कोण करील?

पूर्वी या किनाऱ्याने श्रम विकले. आता तो जमीन विकतो आहे. भातखाचरांच्या जागी लॉज उभे राहतात आणि कालच्या मालकाचा मुलगा तेथे वेटर होतो. याला विकास म्हणावयाचे काय? जमीन भाडेपट्ट्याने द्यावी, मालकी गावाकडेच राहावी, फळप्रक्रिया व मासळीचा व्यापार उत्पादकांच्या सहकारी संस्थांच्या हाती असावा, ही मागणी रेटली पाहिजे.

आळशी शोधावयाचाच असेल तर तारेच्या कुंपणाआड जमीन पडीक ठेवून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्या धनिकाकडे बोट दाखवावे.