स्वयंपाकाला झेन म्हणण्याआधी

गेल्या डिसेंबरात कंपनीने आमच्या टीमला कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर दोन दिवस नेलं. कार्यक्रमात एक सत्र होतं, 'झेन आणि स्वयंपाक'. बारा इंजिनियर चॉपिंग बोर्डवर श्वासाकडे लक्ष देत काकड्या चिरत होते. काकडी चिरताना फक्त काकडीच चिरा, असं शिकवणारा सांगत होता. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाऊण तासाने टाळ्या वाजल्या आणि आम्ही हात धुऊन नदीवर गेलो.

काकड्यांचं पुढे काय झालं ते परत आल्यावर दिसलं. मागच्या पडवीत जवळच्या वाडीवरच्या दोन बायका होत्या. एक तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. दुसरी आमच्या वेड्यावाकड्या फोडी विळीवर पुन्हा बारीक करत होती, कारण त्या तशा कोशिंबिरीत घालण्याजोग्या नव्हत्या. तिच्या श्वासाकडे कोणाचं लक्ष होतं, ठाऊक नाही.

मी खोपोलीचा. खालापूर-कर्जतकडे येणारं गिऱ्हाईक लहानपणापासून बघतोय. आधी पावसाळी धबधबे खपले, मग फार्महाउसचे प्लॉट, आता शांतता खपते आहे. धंद्यावर राग नाही. राग आहे तो त्यात दोगेनचं नाव घेतलं जातं म्हणून.

दोगेन हा तेराव्या शतकातला जपानी झेन गुरू. मठातल्या स्वयंपाक्याला, म्हणजे तेंझोला, काय काय करावं लागतं यावर त्याने १२३७ साली 'तेंझो क्योकुन' लिहिलं. आमच्या सत्रात त्यातली दोन वाक्यं पडद्यावर होती. घरी येऊन मी सगळंच इंग्रजीतून वाचलं. श्वास मोजण्याबद्दल त्यात काही नाही. तांदळातले खडे काढताना खड्यांबरोबर तांदूळ जाऊ देऊ नये, भांडी घासून जागच्या जागी ठेवावीत, आज जेवायला किती माणसं आहेत, त्यात आजारी किती, हे मोजावं, उद्याचं जेवण आजच इतर कारभाऱ्यांशी बोलून ठरवावं, असलं सगळं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर रनबुक.

आणि त्यात एक मठ आहे, क्योटोचा केन्निन-जी. तिथला तेंझो सगळं काम नोकरावर सोपवून आपल्या खोलीत बसायचा, स्वयंपाकघराकडे फिरकायचाही नाही. दोगेनला हे लाजिरवाणं वाटलं आणि त्याने ते स्पष्ट लिहून ठेवलं. पडद्यावर हा भाग नव्हता.

कर्जत तालुक्यातच राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. विनयाच्या नियमांप्रमाणे भिक्खूने स्वतः शिजवायचं नसे, भिक्षेवर राहायचं. चूल गावातल्या बाईची. पुढे चीनमधल्या मठांनी चूल आत आणली आणि भिक्खूच्या हाती दिली. मला झेनचा हा सगळ्यात मोठा पराक्रम वाटतो. आम्ही ती चूल उचलून पुन्हा मागच्या पडवीत ठेवली.

हे एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तुझी आई रोज झेनच करते की!" हे मला शिबिरापेक्षाही वाईट वाटतं.

आमच्याकडे बिरडं होतं ते कडव्या वालांचं. वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. दीड-दोन दिवसांचं काम, आणि ताटात दहा मिनिटांत संपतं. मी आईला विचारलं, सोलताना मन शांत होतं का गं? ती म्हणाली, "पाठ दुखते. तू सोल, म्हणजे कळेल."

१२२३ साली दोगेन चीनच्या बंदरात जहाजावर अडकला होता. वय तेवीस. साठी उलटलेला एक तेंझो मैलोन्मैल चालत तिथे अळंबी घ्यायला आला. दोगेनने राहण्याचा आग्रह केला, या वयात ध्यान सोडून हे कष्ट कशाला असंही विचारलं. म्हातारा हसला आणि उद्याच्या जेवणासाठी परत निघाला. गोष्ट सगळे इथपर्यंतच सांगतात. पण त्या म्हाताऱ्याला ते पद आदल्याच वर्षी मिळालं होतं. तेंझो मठाच्या सहा प्रमुख कारभाऱ्यांपैकी एक असे. नेमणूक, मान, अधिकार, सगळं होतं. आईची नेमणूक तीस वर्षांपूर्वी झाली, तिला न विचारता, आणि तिला मुदत नाही. आमच्यात ऑन-कॉलचा आठवडा दोन दिवसांनी लांबला तर मॅनेजरला मेल जातो. मान आणि सुट्टी न देता नुसतं अध्यात्म देणं हा स्वस्तातला सौदा आहे, आणि तो आपण पुरुष फार आनंदाने करतो.

आपल्याकडे जनाबाईची कथा सगळ्यांना पाठ आहे. विठ्ठल तिच्याकडे येतो तेव्हा दळणातलं तत्त्वज्ञान समजावत नाही. समोर बसतो आणि जात्याच्या खुंट्याला हात घालतो.

जानेवारीपासून रविवारचं जेवण माझ्याकडे आहे. पहिल्याच खेपेला मी वाल फडक्यात बांधून विसरलो. रविवारी सोडले तर चिकट झाले होते, वास येत होता. मी यूट्यूबवर उपाय शोधत असताना आईने काही न बोलता कुकरला डाळ लावली. तिने ती लावायला नको होती. मीही तिला थांबवलं नाही.