अब्जात दीडशे

'डार्क वॉटर्स' पाहून आलेली माणसे वकिलाबद्दल बोलतात. रॉब बिलॉटने ड्यूपाँटची पाठ वीस वर्षे कशी सोडली नाही, याबद्दल बोलतात. शेतकरी विल्बर टेनंटच्या मेलेल्या गाईंबद्दल बोलतात, बिलॉट झालेल्या मार्क रफलोच्या वाकलेल्या खांद्यांबद्दलही. एका आकड्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. चित्रपटातही तो येतो आणि जातो. आकडा आहे १५०.

२००२ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्याने जाहीर केले की, पिण्याच्या पाण्यात पीएफओए अब्ज भागांत १५० भागांपर्यंत असले तरी चालेल. ड्यूपाँटच्या टेफ्लॉनच्या कारखान्यातून ओहायो नदीत आणि आजूबाजूच्या विहिरींत उतरलेले तेच हे रसायन. कंपनीच्या बोलीत सी-८. आकडा काढणाऱ्या समितीत सरकारी माणसे होती, तशीच ड्यूपाँटचीही होती. कारखान्याजवळच्या पार्कर्सबर्गच्या परिसरातल्या एकाही पाणीयोजनेचे पाणी या मर्यादेच्या जवळपास पोचत नव्हते. म्हणजे एका पत्रकासरशी सगळे पाणी पिण्याजोगे झाले. ना कारखान्यात काही बदलले होते, ना विहिरीत.

माल ज्याचा, मापही त्याचेच. पण एवढ्यावर थांबता येत नाही. कारण माप आधीच तयार होते आणि ते ड्यूपाँटच्याच कपाटात होते. १९९१ मध्ये कंपनीच्या शास्त्रज्ञांनी स्वतःपुरती मर्यादा ठरवली होती: अब्जात एक. त्याच वर्षी जवळच्या एका पाणीयोजनेत सी-८ या मर्यादेच्या तिप्पट सापडले. कंपनीत चर्चा झाली. बाहेर कोणाला कळवायचे नाही, असे ठरले. अकरा वर्षांनी तीच कंपनी समितीत बसली आणि एकाचे दीडशे झाले. मधल्या काळात सी-८ दीडशे पटींनी निरुपद्रवी ठरल्याचे कोणतेही संशोधन पुढे आलेले नव्हते. बिलॉटने नेमलेल्या विषतज्ज्ञांचा हिशेब तर ०.२ वर आला होता.

चित्रपटाला समितीच्या खोलीत जास्त वेळ थांबता येत नाही. तिथे नाट्य नाही. टेबल आहे, पाण्याच्या बाटल्या आहेत, कागद आहेत, सभ्य माणसे आहेत. कोणी कोणावर ओरडत नाही. कोर्टात समोरासमोर माणसे असतात, साक्ष असते, उलटतपासणी असते. पडद्याला ते सोयीचे. पण कोर्टात जे घडते ते आजारी पडून झाल्यावर. कोणी काय प्यावे हे त्या टेबलावर ठरते. खलनायक शोधायचा तर तिथे शोधायला हवा होता, आणि ती एकटी कंपनी नव्हती. कंपनीला खुर्ची कोणी दिली, हा प्रश्न दिग्दर्शक टॉड हेन्स विचारतात न विचारतात तोच गाडी पुढे निघते.

आकड्यावर एवढे अडायचे कारण साधे आहे. आकडा नसेल तर गुन्हाच नाही. अमेरिकेचा विषारी रसायनांचा कायदा १९७६ चा. त्याआधीपासून बाजारात असलेली हजारो रसायने तपासणीविना तशीच चालू राहिली. पीएफओए त्यांतलेच. ड्यूपाँट ते १९५१ पासून वापरत होती. त्यामुळे 'आम्ही कोणताही नियम मोडलेला नाही' असे कंपनीचे वकील सांगत, तेव्हा ते खोटे बोलत नसत. मोडायला नियमच नव्हता. २००५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ड्यूपाँटकडून १ कोटी ६५ लाख डॉलर घेतले, तेही पाणी नासवल्याबद्दल नव्हे. माहिती दडवल्याबद्दल. पाण्यात काय आहे हे सांगितले नाही, हा अपराध. पाण्यात ते घातले, याला कलम नाही.

म्हणून पुराव्याचा भार उलट्या बाजूला गेला. पाणी पिणाऱ्या लोकांनी ड्यूपाँटवर लावलेल्या दाव्यातल्या २००४ च्या तडजोडीनुसार शास्त्रज्ञांचे स्वतंत्र मंडळ नेमले गेले आणि सुमारे ६९ हजार माणसांनी रक्त दिले. भरपाईच्या पैशातून माणशी ४०० डॉलर देऊन ते गोळा केले. मंडळाचे शेवटचे निष्कर्ष यायला २०१२ उजाडले: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉईड आणि आणखी तीन विकारांशी संबंध असण्याची शक्यता जास्त. टेनंट २००९ मध्येच गेला होता. रसायन नदीत सोडायला कंपनीला एक थेंबही रक्त दाखवावे लागले नाही; त्याला वाईट म्हणायला एका शहराएवढ्या लोकांना दंड पुढे करावा लागला. पुढे २०१७ मध्ये साडेतीन हजारांवर दावे ६७ कोटी डॉलरना मिटले. चूक कबूल न करता.

ही एका चित्रपटाची गोष्ट नाही. 'एरिन ब्रॉकोविच' आठवावा. पाण्यात क्रोमियम उतरलेल्या कॅलिफोर्नियातल्या हिंक्लीच्या लोकांना १९९६ मध्ये ३३ कोटी ३० लाख डॉलर मिळाले, तेही लवादापुढे, बंद दाराआड. २००० साली चित्रपट आला, ज्युलिया रॉबर्ट्सला ऑस्कर मिळाले. सहा-संयुजी क्रोमियमची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा कॅलिफोर्नियाने ठरवली २०१४ मध्ये. आर्थिक व्यवहार्यता नीट पाहिली नाही म्हणून २०१७ मध्ये ती कोर्टाने रद्द केली. २०२४ मध्ये ती पुन्हा आली, आकडा तोच, अब्जात दहा. जगभर ज्यासाठी टाळ्या वाजल्या त्या प्रकरणाला टिकणारी एक ओळ मिळायला अठ्ठावीस वर्षे लागली. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत तर या क्रोमियमसाठी वेगळी ओळ आजही नाही.

पीएफओएची ओळ केंद्रीय नियमांत एप्रिल २०२४ मध्ये आली. अब्जात ०.००४. दीडशेला या आकड्याने भागले तर उत्तर साडेसदतीस हजार येते. विज्ञान पुढे जाते, आकडे खाली येतात, हे मान्य. पण साडेसदतीस हजार पटींचा फरक एकट्या विज्ञानाच्या प्रगतीने पडत नाही. पहिला आकडा ठरवताना पाणी बघितले जात होते की ताळेबंद, हे त्यावरून कळते. आणि हा नवा आकडाही अंगाला लागेपर्यंत खरा नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२५ मध्ये, त्याच पर्यावरण संस्थेने पाणीयोजनांना २०३१ पर्यंत मुदतवाढ देण्याचा इरादा जाहीर केला.

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात यावे. वाट मात्र इटलीतून जाते. तिथे व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना याच गोतावळ्यातली रसायने बनवत असे. त्याने लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा साठा नासवला. २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने संबंधित कंपन्यांच्या अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. तोवर कारखान्याची यंत्रसामग्री तिथे राहिलेली नव्हती. ती एका भारतीय कंपनीने विकत घेतली होती आणि खेडमधल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आणली होती. रीतसर खरेदी, रीतसर वाहतूक. यंत्रे विकत घेणे हा गुन्हा नाही आणि यंत्रांनी इथेही तेच करावे असा काही नियम नाही. नव्या मालकाचे काम चोख असू शकेल. पण ते चोख आहे हे कोणत्या मापाने मोजायचे?

लोट्याजवळच्या दाभोळ खाडीतले भोई मेलेल्या माशांचे ढीग वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. ते मासे ही यंत्रे येण्याच्या आधीपासून मरत आहेत. त्यांचे खापर यंत्रांवर फोडायचे कारण नाही. टेनंटही व्हिडिओ कॅमेरा घेऊन गाई दाखवत हिंडत होता. त्याच्याजवळ पुरावा होता, कागदावर मर्यादा नव्हती. इथेही सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत सामू आहे, सीओडी आहे, बीओडी आहे. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आय. एस. १०५०० मध्ये, पारा आहे, शिसे आहे, आर्सेनिक आहे, कीटकनाशकांची आख्खी यादी आहे. पीएफओए नाही, त्याचे भाऊबंदही नाहीत. लोट्याजवळच्या एखाद्या विहिरीचे पाणी उद्या तपासायला दिले, तर प्रयोगशाळा या मानकाप्रमाणे 'पिण्यास योग्य' असा शेरा देऊ शकेल, आणि तो शेरा नियमाप्रमाणे बरोबर असेल.

आकडा ठरवायला इथेही कधीतरी समिती बसेल. किती ठरवणार, हे नंतर सांगितले तरी चालेल. टेबलाभोवती कोण कोण बसणार आणि त्यांचे पगार कुठून येतात, हे आधी छापा.