जुन्या बाँबफेकी विमानाचा जीर्णोद्धार

गेल्या पावसाळ्यांत आमच्या माजघरावरची तुळई बदलावी, कीं तिला खालून टेकू देऊन आणखी दोन वर्षें काढावीं, याविषयीं घरांत बराच खल झाला. धाकट्या बंधूंनीं हिशेब मांडला, वडील वहिनींनीं तो खोडून काढला, आणि अखेरीस टेकूच लागला. त्याच सुमारास अमेरिकेच्या हवाई दलानें आपल्या बी-५२ नांवाच्या बाँबफेकी विमानांवर चालविलेल्या खर्चाची हकीकत आमच्या वाचनांत आली. एवढ्या श्रीमंत घरांतही हाच वाद तीस वर्षें चाललेला पाहून आम्हांस, खरें सांगावयाचें तर, थोडा धीर आला. आंकडे तेथें अब्जांचे आहेत. चूक मात्र तुमच्याआमच्या घरांत होते तीच आहे, म्हणून ती हकीकत येथें देतों.

या विमानाची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९४८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत बोइंग कंपनीचे कांहीं अभियंते पंख्याच्या विमानाचा आराखडा घेऊन ओहायओ प्रांतांतील डेटन गांवीं गेले होते. हवाई दलाच्या अधिकाऱ्यास तो पसंत पडला नाहीं. जेट इंजिनांचा विचार करा, असें त्यानें सुचविलें. तेव्हां ही मंडळी तेथल्याच एका हॉटेलांत ठाण मांडून बसलीं आणि शनिवार-रविवारच्या सुट्टींत त्यांनीं आठ जेट इंजिनांच्या विमानाचा तेहतीस पानांचा आराखडा व हलक्या लांकडाची एक प्रतिकृति सिद्ध केली. पहिलें उड्डाण १५ एप्रिल १९५२ रोजीं झालें. १९५५ पासून तीं सैन्यांत दाखल होऊं लागलीं. एकंदर ७४४ विमानें बांधलीं गेलीं, आणि शेवटचें १९६२ सालीं हवाई दलाच्या हवालीं झालें. म्हणजे आज नोकरींत असलेल्या सुमारें ७६ विमानांपैकीं अगदीं धाकटेंही आमच्या बरोबरीचें आहे. आम्ही कधींच पेन्शन घेऊन बसलों. त्यास मात्र २०५० नंतरही कामावर ठेवण्याचा बेत आहे. आजा, बाप व नातू अशा तिघांनींही हेंच विमान चालविल्याचें उदाहरण तेथें आहे. एकत्र कुटुंबांतील वाचकांस याचें नवल वाटूं नये. पाणी तापविण्याचा बंब आपल्याकडेही तीन पिढ्या चालतो.

तें इतकें टिकलें कसें? पूर्वीं रशियाशीं वैर होतें तेव्हां यांपैकीं कित्येक विमानें अण्वस्त्रें घेऊन दिवसरात्र सज्ज उभीं असत. १९९१ पर्यंत ही रीत चालू होती. तळावर उभें राहण्यांतच फार काळ गेल्यामुळें त्यांच्या उड्डाणाचे तास वयाच्या मानानें थोडेच भरले. शिवाय ॲरिझोनांत टूसॉनजवळच्या कोरड्या वाळवंटांत निवृत्त विमानें जपून ठेवण्याची व्यवस्था आहे. एका बी-५२ च्या चालकांच्या कक्षांत आग लागून तें निकामी झालें, तेव्हां २००८ पासून वाळवंटांत पडून असलेलें दुसरें विमान २०१५ सालीं परत उडविण्यांत आलें. माळ्यावरचें भांडें कल्हई लावून पंगतीस काढावें, त्यांतलाच हा प्रकार.

सांगाडा टिकला; थकलीं तीं इंजिनें. हीं टीएफ-३३ जातीचीं. यांचींच प्रवासी भावंडें एअर इंडियाच्या कांहीं बोइंग ७०७ विमानांस होतीं, तेव्हां सांताक्रूझला त्यांचा घोष ऐकलेले कांहीं वाचक निघतील. त्यांची बांधणी १९८५ सालीं बंद पडली. पुढें १९९६ सालीं बोइंगनें सुचविलें कीं, आठ जुनीं काढून त्यांच्या जागीं रोल्स-रॉइसचीं चार मोठीं इंजिनें बसवावीं. हवाई दलानें हिशेब केला आणि बचतीपेक्षां खर्च अधिक होईल, असें म्हणून नकार दिला.

आतां या हिशेबाकडे जरा बारकाईनें पाहिलें पाहिजे. हिशेब करणारे अडाणी नव्हते, बेरीज-वजाबाकींतही चूक नव्हती. परंतु इंधनाचा भाव त्यांनीं जमिनीवरचा धरला होता. हें विमान लांबच्या मोहिमेवर निघालें म्हणजे इंधन वाहणारें दुसरें विमान वर चढून त्यास आकाशांतच इंधन पाजतें. त्या विमानाची किंमत, त्याच्या चालकांचा पगार, त्यानें स्वतः जाळलेलें इंधन, हें सारें कोणाच्या खातीं? २००१ सालीं संरक्षण खात्याच्या शास्त्रीय सल्लागार मंडळानें दाखवून दिलें कीं, आकाशांत पोहोंचविलेलें इंधन जमिनीवरील दराच्या दहापटीहूनही महाग पडतें. विहिरीचें पाणी फुकट म्हणणारा पुरुष तें कमरेवर घागर घेऊन वाहणारीचे श्रम धरीत नाहीं, त्यांतलेंच हें. २००४ सालीं त्या मंडळानें इंजिनें बदलण्याची स्पष्ट शिफारस केली. तरीही वर्षांमागून वर्षें गेलीं, आणि करार झाला तो सप्टेंबर २०२१ मध्यें! पहिल्या सूचनेस तोंवर पंचवीस वर्षें झालीं होतीं.

या वेळीं ६०८ इंजिनें व कांहीं राखीव इंजिनें घेण्याचें ठरलें असून, सर्व टप्पे पुरे झाल्यास रोल्स-रॉइसला २.६ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम द्यावी लागेल. आठ काढून पुन्हा आठच कां, असें आम्हांस प्रथम वाटलें. पण त्यास कारण आहे. मोठें इंजिन पंखाखालीं जमिनीला टेकावयास येतें. आणि चारांपैकीं बाहेरचें एक बंद पडलें तर विमान एका अंगास असें ओढलें जातें कीं, जुन्या सुकाणूस तें आवरणें कठीण. म्हणून धनिकांच्या खाजगी विमानांस असतात त्या मापाचीं लहान इंजिनें निवडलीं. जुन्या घरांत नवें दार बसवावयाचें तर चौकट जुनीच धरावी लागते.

उशिराचा दंड मात्र चुकला नाहीं. नव्या इंजिनांचीं विमानें पहिल्यानें सज्ज होण्यास २०३३ साल उजाडेल, म्हणजे बेताहून तीन वर्षें अधिक लागतील, असें तेथील सरकारी हिशेब-तपासनिसांनीं २०२४ सालीं कळविलें. नव्या रडारचा खर्चही फुगला. तिकडे १९८२ पासून असा नियम आहे कीं, शस्त्राचा खर्च ठरल्या मर्यादेबाहेर गेला तर हवाई दलानें तो लोकप्रतिनिधींच्या सभेस कळवावा. त्याप्रमाणें २०२५ सालीं या रडारची वर्दी द्यावी लागली. ही चाल आम्हांस फार आवडली. नवें बी-२१ विमान आल्यावर बी-१ व बी-२ हीं वयानें लहान असलेलीं विमानें काढून टाकावयाचीं व हें म्हातारें ठेवावयाचें, असा त्यांचा बेत आहे, आणि निव्वळ हिशेबानें पाहतां आम्हांस तो चुकीचा वाटत नाहीं.

हें सारें आम्ही रात्रीं जेवणानंतर मोठ्या उत्साहानें सांगत असतां वडील वहिनींनीं मध्येंच विचारलें, “पण भावजी, तें विमान करतें काय?”

आम्ही थबकलों. २६ डिसेंबर १९७२ च्या रात्रीं याच जातीच्या विमानांनीं टाकलेले बाँब हनोई शहरांतील खाम थिएन या भरवस्तीच्या रस्त्यावर पडले आणि अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. त्या डिसेंबरच्या मोहिमेंत पंधरा बी-५२ विमानेंही पडलीं. तीं चालविणारींही कोणाचीं मुलेंच होतीं. आम्ही तासभर ज्याचीं इंजिनें, इंधन आणि रडार मोजीत होतों, त्याच्या पोटांत काय भरतात हें आम्हीं एकदांही उच्चारलें नव्हतें. इंधनाचा भाव जमिनीवरचा धरणाऱ्यांस आम्हीं हंसलों होतों; आमच्या हिशेबांत तर जमिनीवरचीं माणसेंच नव्हतीं.

धाकटे बंधु म्हणाले, शस्त्र सज्ज असलें म्हणजे तें वापरावें लागत नाहीं, आणि पुष्कळ वर्षें हीं विमानें नुसतीं उभींच होतीं ना? त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. वहिनींनीं तें ऐकून घेतलें, आणि सुतारास केव्हां बोलावतां, एवढेंच विचारलें.